गय करू नये

॥ श्री ॥
चँडलर, ता. २१ ऑगस्ट २०२५

ती. दादांस, सरलाचा शि. सा. न. वि. वि.

पार्सल काल पोचलं. जुनी सचित्र इंग्रजी पुस्तकं तीन, मेतकुटाची पुडी एक, आन्याच्या परकराला कापड. वर टपालाचे अठरा डॉलर. कशाला एवढा खर्च? नवरात्रात येणारच आहात, बॅगेतून आलं असतं. खोकं भक्कम आहे, ठेवून घेतलं.

पण दादा, एक झालं. आन्या पुस्तकातली चित्रंच आधी बघते. एकात उंच मास्तर छडी उगारून उभा, समोर पोरगं हात पुढे करून, डोळे मिटून. बाकीची पोरं पुस्तकात तोंड खुपसून बसलेली. तिने बापाला विचारलं, याला कुणी हेल्प का करत नाही? सिद्धेशने पुस्तक काढून घेतलं नि गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. जेवलाही नाही. मग मला म्हणाला, मामा येणार असतील तर तेवढे दिवस मी हॉटेलात राहीन.

यांच्या सारख्या बदल्या, म्हणून तीन वर्षं त्याला कराडला तुमच्या शाळेत ठेवला. तिथे तुम्ही सगळ्यांदेखत मारायचात म्हणे. मला इतक्या वर्षांत बोलला नाही. खरं आहे का हो?

वहिनींच्या मागे तब्येतीला जपा. शिवांगीला आशीर्वाद. माया असू द्या.

तुमची,
सरला


जर्सी सिटी, ता. २८ ऑगस्ट

चि. सौ. सरलास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. शिवांगीला दाखवलं नाही, लेकीसमोर बापाची शोभा नको.

मारलं. हेडमास्तरचा भाचा म्हणून सवलत मिळते असं गावाने म्हणू नये, यासाठी इतरांना एक तर त्याला दोन. आज इंजिनियर आहे तो आपोआप झाला काय? आणि विचारणारी तू कोण? तुझी पत्रं मी इथेही घेऊन आलोय. प्रत्येकाच्या शेवटी तुझ्याच अक्षरात आहे, 'चुकला तर गय करू नये, तो तुमचाच.' मी तुझा शब्द पाळला. एक सोबत पाठवतो, वाच.

त्याला हॉटेलात धाडू नकोस. मीच तिकीट कॅन्सल करायला सांगतो.

मोरेश्वर


॥ श्री ॥
चँडलर, ता. ४ सप्टेंबर

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

अक्षर माझंच. भावाला लिहायचं म्हणून तसं लिहिलं. शेवटी नमस्कार लिहावा तसा हात ते लिहून जाई. तुम्ही ते अक्षरशः धराल हे ध्यानीमनी नव्हतं.

गणपती बसलेत. त्यांच्यापुढे ते जुनं पत्र ठेवलं, मग सिद्धेशच्या हाती दिलं. त्याने घडीसुद्धा उलगडली नाही. म्हणाला, "आई, मला पाठ आहे. मारायच्या आधी मामा ते वर्गात वाचून दाखवायचे. पोस्टमन फाटकात दिसला की मी माळ्यावर लपायचो."

दादा, त्याला करमावं म्हणून मी दर आठवड्याला पत्र टाकायची.

तिकीट कॅन्सल करू नका. आधी सिद्धेशला स्वतः लिहा. तो इंजिनियर झाला, गाव काय म्हणालं असतं, यातलं काही नको. माझं नावही नको, माझी चूक मी त्याला सांगेन. मारलं आणि ते चुकलं, एवढंच लिहा. नाही जमलं तर तसंही स्पष्ट सांगा. मग येऊ नका, मी रडणार नाही.

राग धरू नये. पण उत्तर उलट टपाली धाडावे.

तुमची धाकटी,
सरला