हाडाचे मुकादम

ती. आत्या,

वाकून नमस्कार. (वाकताना खालचा पुढचा दात तोंडातच राहिला, ही मोठी प्रगती.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला? मी बरी आहे असं लिहिणार होते, पण आधी दाताचं सांगते.

तर दात हलत होता. हिरडी मागे सरकलेली, तिच्या मागोमाग हाडही झिजलेलं. दात गेलाच असं मी धरून चालले होते. पण दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हिरडी उघडून मुळाशी प्रथिनांचा लेप लावू, त्याने हाड पुन्हा वाढतं. मला लगेच घोर लागला: वाढतच राहिलं तर? हनुवटीला शिंग फुटलं तर? बाई म्हणाल्या, "अगं, ही प्रथिनं गवंडी नाहीत, मुकादम आहेत. नुसत्या हाका मारतात. बांधकाम तुझंच शरीर करतं." मग मला, मुकादमाची पाठ वळल्यावर काम थांबेल, हा दुसरा घोर.

लेप लावून झाल्यावर तिथे ब्रश नको, जीभ नको, चावणं नको, असं बजावलं होतं. मी आपण होऊन ओठ हलवणंही बंद केलं. (सांगितलं त्याहून थोडं जास्त करावं, ही आपल्या घरची रीत.) मी बसते विमा कचेरीत, तक्रारीच्या खिडकीवर. ओठ आवळून मी एकेकाकडे नुसती बघत राहिले, तर लोक तक्रारीची घडी घालून परत जाऊ लागले. साहेबांनी माझं कौतुक केलं.

परवा तपासणी झाली. दात धरतोय म्हणे. मग बाईंनी विचारलं, ब्रश कसा करतेस? मी अभिमानाने करून दाखवलं: पाय फाकून, कोपर वर, हिरडी करकर वाजेपर्यंत. बाईंनी माझं कोपर धरून खाली केलं. "दात घासतेस की कढई? यानेच हिरडी गेली! पुन्हा असं घासलंस तर मुकादमांची फौज आणली तरी दात राहायचा नाही. कोणी शिकवलं हे?" मी म्हटलं, आमच्याकडे सगळे असेच घासतात. "मग सगळ्यांना घेऊन ये."

तुझी भाची

ता. क. वाईट वाटून घेऊ नकोस. शाळेत जाण्याआधी तू घरी शिकवलेलं अक्षर, पाढे, सगळं पक्कं राहिलं. दात तेवढा हलला.

आणखी एक. दादा त्याच्या लेकीला तुझ्याकडे शिकायला ठेवतोय असं कळलं. तिला सगळं शिकव. ब्रश तेवढा माझ्याकडे राहू दे. पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणि तूही ये दाखवायला. तुझं नाव मी बाईंना सांगितलेलं नाही. पण तुझ्यासमोर त्यांनी पुन्हा विचारलं तर माझी पंचाईत आहे. खोटं कसं बोलायचं, ते तू मला शिकवलंच नाहीस.