बाप्याविना मासोळी

२ ऑक्टोबर, डांग्रिगा
तिओफिलोला घराबाहेर काढलं. नवराच तो माझा, जाऊन पडेल भावाकडं. नात सोतेरा शास्त्रज्ञांकडं कामाला, तिनं खारफुटीतली मासोळी बरणीत आणली. म्हणे हिला नर लागत नाही, अंडी घालते नि फळवतेही एकटीच. देवाला उशिरा का होईना, अक्कल आली. नाव ठेवलं रेजिना.

५ ऑक्टोबर
निश्चय: १९ नोव्हेंबरला, आमचे पूर्वज होड्यांतून या किनाऱ्याला लागले त्या सणाला, कसावाच्या कंदाची भाकरी करणार, बाप्याचा हात न लागता. शेजारीण बर्नार्डा हसली. म्हणाली, "रुगुमा फाटलाय तुझा, विणणार कोण?" रुगुमा म्हणजे कसावाचा कीस पिळायची लांब वेताची नळी. आमच्यात ती बाप्येच विणतात. विणतात म्हणून काय शिंगं फुटली?

१४ ऑक्टोबर
सोतेरा म्हणते, नरही असतात थोडे, नारिंगी. ते नसले तर लेकी सगळ्या आईच्याच साच्यातल्या, एक रोग आला की एकजात मरतील. मी म्हटलं, साचा चांगला असला तर बदलायचा कशाला? बरणीतलं पाणी बदलायला लागली. पटलं तिला.
वर म्हणे, "आजे, बरणी चुलीपासून लांब ठेव." मला शिकवते! बाळंतिणीला ऊब लागते. ठेवली चुलीशेजारीच.

२ नोव्हेंबर
रुगुमा स्वतः विणला. बर्नार्डा म्हणाली, "अगंबाई, साप कुणी मारला?" जळते मेली.

९ नोव्हेंबर
कीस भरून रुगुमा टांगला, खालच्या कडीत दांडा घालून नळी ताणायला त्यावर बसले. फाटला. कीस छपराला, बर्नार्डाच्या केसांत. कसावाच यंदा पाणचट.

१२ नोव्हेंबर
उशीच्या खोळीत पिळला. कडू कसावाचं पाणी म्हणजे विष, ते पुरतं निघेना. सोतेरानं सगळा कीस पुरला. "सणाला माणसं मारायचीत का, आजे?"
रेजिना अंडी घालेना. शेपटीवरचा काळा डाग पुसट झालाय. थंडी बाधली. बरणी आणखी जवळ सरकवली.

१६ नोव्हेंबर
तिओफिलोला बोलावलं नाही. त्याच्या भावाच्या दारात उभी राहून बर्नार्डाशी रुगुम्याबद्दल बोलले, जरा मोठ्यानं. संध्याकाळी हजर, काखेत नवा रुगुमा. म्हणतो, "महिन्यापूर्वीच विणून ठेवलाय. दारात येऊन मोठ्यानं कधी बोलतेस, वाट बघत होतो." म्हटलं, ठेव नि चालता हो. बसला.

१९ नोव्हेंबर
भाकरी उत्तम. रुगुम्याचा काही संबंध नाही.
सोतेरानं बरणी उजेडात धरली. रेजिना नारिंगी! "नर झाला आजे, ऊब जास्त झाली." तिओफिलोला हसता हसता ठसका लागला. पाठीत धपाटा घातला, लागायचा तेवढाच.
चुलीशेजारी आता दोन बाप्ये. बरणी हलवली. म्हातारा हलत नाही.