तुझ्यासमोर न गिळलेल्या गोळ्या

दिघाशी,
ऑगस्ट २००६

प्रिय धम्मदिना,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून पत्र चुलीत घातलं नसशील, तर एवढं वाच. आईकडे येऊन आठवडा झाला. ती मला अंडी खायला घालते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोरीला नुसता अशक्तपणा आलाय. टीबी म्हणायची तिला हिंमत होत नाही. लपवायची कला मी कुठून उचलली, ते बघ.

शाळेत जंताची गोळी मी गालात धरायचे आणि बाईंची पाठ वळली की थुंकायचे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी माझ्या सासरी, अंजूरला, नर्स होऊन आल्यावर तू माझ्यावर विश्वास टाकलास. टीबीची गोळी नर्सच्या डोळ्यांसमोर गिळायची, हा नियम. पण लेकीला कडेवर घेऊन मी धापा टाकत यायचे ते तुला बघवेना, म्हणून तू गोळ्या घरी द्यायला लागलीस. रिकामं पाकीट तेवढं आणून दाखव, म्हणालीस.

दिवस जाऊ नयेत म्हणून घेते त्या माला-डीच्या गोळ्या मी शिकेकाईच्या डब्यात लपवते, हे मी फक्त तुला सांगितलं. तू दार लोटून घेतलंस आणि नीट समजावलंस. टीबीच्या लाल कॅप्सूलने माला-डीचा असर कमी होतो, तिचा भरवसा नाही. तांबी बसव, नाहीतर प्रितेशला निरोध वापरायला सांग, पण टीबीची गोळी चुकवू नकोस. मी मान डोलावली. पण तांबी बसवायला जायचं तर सासूबाई सोबत येणार. "पोऱ्या बघल्याबिगर मी डोले मिटनार न्हाय," हे नातवासाठी त्यांचं रोजचं. प्रितेशला सांगावं तर डबा उघडा पडणार. पहिल्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले, तेव्हापासून दिवस जाण्याची मला धास्तीच बसलीय. खोकला तर थांबला होता. दोन्हींतली एक गोळी सोडायची, तर मी तुझी सोडली. कॅप्सूल संडासात टाकायचे आणि रिकामी पाकिटं तुला दाखवायचे. कॅप्सूल पोटात गेली की लघवी लाल होते, म्हणून लाल होते ना, तू विचारायचीस. हो म्हणायचे. किती सहज म्हणायचे गं!

मग खोकल्यातून रक्त पडलं. गोळ्या वेळेवर मिळत होत्या का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सासूबाई शेजारीच होत्या. मी खाली बघत राहिले. तेवढ्यावरून नर्सने गोळ्या बाहेर विकल्या, असं गावभर झालं आणि तुझी चौकशी लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला माझीच लाज वाटते.

काल नणंद क्षितिजा येऊन गेली. चौकशीत तू एवढंच म्हणालीस म्हणे, की नियम मोडून गोळ्या घरी दिल्या, चूक माझी. माला-डीचं नाव काढलं असतंस तर सगळं उलगडलं असतं. पण सासूबाई समोर बसल्या होत्या, म्हणून नोकरीवर पाणी सोडायची वेळ आली तरी तू माझा डबा झाकून ठेवलास. ते ऐकलं आणि नाक्यावरून प्रितेशला फोन करून सगळं सांगितलं. त्याने फोन ठेवला. सोमवारी पुन्हा चौकशी आहे, तिला मी येतेय, तो आला तरी आणि नाही आला तरी. सासूबाई असतील तर त्यांच्यासमोरच सांगेन. माझं औषध आता पुन्हा पहिल्यापासून, वर इंजेक्शनं. त्या दिवशीची गोळी तुझ्या हातूनच घेईन. पाण्याचा पेला भरून ठेव, आणि गिळून झाली की मला तोंड उघडायला लाव.

तुझीच,
रुचिका