फोन रूट करायचा होता

नाशिक रोड,
गुरुवार

प्रिय कोंडाजी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल. घाबरू नकोस. विमल बरी आहे, मीही आहे. बीपी वरखाली होतं, ते आता चालायचंच. आमचा हर्षल गेल्याला उद्या तीन महिने होतील. दहाव्याला येता आलं नाही म्हणून तू फोनवर रडलास, ते मनात ठेवू नकोस. त्याच आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस खाटेवरून उठून कसा येणार? आताही फोनच केला असता, पण फोन लागला की विमल शेजारी येऊन बसते, आणि हे तिच्या कानावर जायला नको. सातवी शिकलेला माणूस मी, चुकलं तर समजून घे. दोनदा लिहून फाडलं, हे तिसऱ्यांदा लिहितो आहे.

गेला महिनाभर मला एकाच गोष्टीने झोप नाही. फोन रूट करायचा की नाही. हसू नकोस. मलाही हा शब्द आधी माहीत नव्हता. बिटको चौकाच्या मागच्या गल्लीत तेजस्विनी म्हणून एक बाई मोबाईल दुरुस्त करते. नवऱ्याचं दुकान होतं, आता तीच चालवते, आणि भल्याभल्यांना जमत नाही ते करते. तिने मला समजावलं. म्हणाली, "काका, फोन तुम्ही विकत घेतलाय, पण आतल्या सगळ्या खोल्यांत जायची कंपनी तुम्हाला परवानगी देत नाही. तुम्ही भाडेकरू. रूट केला की मालक." मला आपली नोटांची प्रेस आठवली. बत्तीस वर्षं तिथे काढली, पण आपल्या खात्याच्या पलीकडचं दार कधी ओलांडलं नाही. मी तिला म्हटलं, परवानगी नाही तर मग नकोच. ती म्हणाली, "मग तुमची यादी आतच राहील." ती यादी कसली, ते सांगतो. तुला मुळापासून काहीच ठाऊक नाही.

तुला माझी खोड माहीत आहे. कुणाचाही फोन आला की मी बोलत बसतो. विमा कंपनीच्या एका मुलीला मी चाळीस मिनिटं विमलच्या पित्ताशयाच्या खड्यांची हकिकत सांगितली होती. पण दिवाळीच्या आधी एकाने बँकेतून बोलतोय म्हणून सांगितलं आणि फोनवर आलेला आकडा विचारला. मी चष्मा लावून वाचून दाखवत होतो. चार आकडे वाचले, तेवढ्यात पायलने हातातून फोन ओढून घेतला. सून असली तरी लेकीसारखी रागावली. "अण्णा, तुम्ही एक दिवस घराच्या चाव्या पण देऊन टाकाल!" तिच्या शाळेतल्या कुणा मास्तरणीने एक कुलपाचं अॅप सांगितलं होतं. ते तिने माझ्या फोनात टाकलं. घरच्या सात माणसांचे फोन तेवढे वाजायचे. बाकी कुणी लावला तर त्याला तिकडे घंटी ऐकू यायची, माझ्याकडे आवाज नाही, उजेड नाही, काही नाही. त्याचे गुप्त आकडे हर्षलने घातले, माझ्याकडे पाठ करून.

दोन-तीन दिवस मी सोसलं. मग एकदा जेवताना भडकलो. म्हटलं, बत्तीस वर्षं गेटवर हात वर करून झडती दिली, आता घरातही झडती का? तुला आठवतं ना, रिटायर झाल्यावरही आपण कुठल्याही दारातून जाताना हात वर करायचो आणि लोक हसायचे. मी खूप बोललो, कोंडाजी. ताट सरकवलं. आरोही घाबरून तिच्या आईच्या मागे लपली. पायल बिचारी म्हणाली, "काढते अण्णा, शांत व्हा." दुसऱ्या दिवशी हर्षल कामावर गेल्यावर तिने माझा फोन घेतला, बोटाने काहीतरी सरकवलं आणि म्हणाली, "झालं मोकळं." पडद्यावरचं कुलपाचं चित्र गेलं होतं. पण माझा राग गेला नव्हता. संध्याकाळी सगळ्यांसमोर मी म्हटलं, "आता अनोळखी नंबर आला तर मी हात लावणार नाही. वाजू दे नाहीतर फुटू दे. तुमच्या मनासारखं होऊ दे." हर्षल हसला. म्हणाला, "अण्णा रुसले की एक आठवडा. मी बघतो ना." त्या वाक्याला नऊ दिवस झाले आणि तो गेला.

तो दिवस तुला माझ्यापेक्षा चांगला आठवत असेल. तू हयातीच्या दाखल्यासाठी आला होतास. विमल शेजारच्या भागीबाईंकडे गेली होती. आपण ओट्यावर बसलो होतो, मध्ये स्टुलावर माझा फोन होता, आणि तू द्राक्षांच्या छाटणीचं सांगत होतास. चार ते पाच आपण तिथून हललो नाही. साडेपाचच्या बसने तू वणीला गेलास. पावणेसहाला विमलच्या फोनवर पायलचा फोन आला.

साडेचारच्या सुमारास शिंदे गावाजवळ त्याच्या मोटारसायकलला मागून धडक बसली होती. त्याचा फोन चुरा झाला. टोमॅटोचे क्रेट घेऊन जाणारा एक टेम्पोवाला थांबला, त्याने त्याला रस्त्याच्या कडेला घेतलं, पाणी दिलं, दवाखान्याची गाडी बोलावली. ती गाडी यायला वीस मिनिटं गेली आणि ती वीस मिनिटं हर्षल शुद्धीवर होता. तो म्हणत होता, "अण्णांना लावा." नंबर त्याने तोंडपाठ सांगितला. वीस वर्षांत मी नंबर बदललेला नाही आणि त्याला तेवढा एकच पाठ होता. पायलचा पाठ नव्हता. आजकाल कुणाला असतो? टेम्पोवाल्याने स्वतःच्या फोनवरून तीन वेळा लावला. तिन्ही वेळा पूर्ण घंटी गेली. मग हर्षलच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरून कंपनीला कळलं आणि कंपनीतून पायलला. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

टेम्पोवाल्याने हे तिला दवाखान्यातच सांगितलं होतं. तिने ते दहा दिवस पोटात ठेवलं. दहाव्याला घाटावरून परत आलो, मी पाय धुवत होतो, तेव्हा ती माझ्यापुढे उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "अण्णा, तो डॉक्टरांच्या हातूनही वाचला नसता, मला माहीत आहे. पण तुम्ही उचलला असतात तर त्याला निदान तुमचा आवाज ऐकू आला असता." मी म्हटलं, फोन वाजलाच नाही गं. ती म्हणाली, "टेम्पोवाला खोटं बोलतो? तीन वेळा, अण्णा. तुम्हीच म्हणाला होतात, वाजू दे नाहीतर फुटू दे." सगळी भावकी बघत होती. त्याच आठवड्यात आरोहीला घेऊन ती पिंपळगावला माहेरी गेली. तेव्हापासून नात माझ्याशी बोललेली नाही. विमलसुद्धा एकदाच म्हणाली, "तुम्ही रुसलात की असंच करता." पुन्हा तिने तो विषय काढला नाही. पण ताट वाढते आणि निघून जाते.

मी वेडा व्हायचा राहिलो होतो. फोन का वाजला नाही? मी बहिरा झालो का? शेवटी मकर संक्रांतीनंतर फोन घेऊन तेजस्विनीकडे गेलो. तिने केबल लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "काका, यात कुलूप बसलेलं आहे." मी म्हटलं, ते काढलंय. ती म्हणाली, "पडद्यावरचं चित्र काढलंय. कुलूप आत तसंच आहे. ते काढायला गुप्त आकडे लागतात. लोक असंच करतात, चित्र सरकवलं की वाटतं गेलं." मला पायलचं बोट दिसलं, कोंडाजी. पण त्या वेळी माझ्या डोक्यात तो विचार पुढे गेलाच नाही. मला फक्त आनंद झाला. माणूस किती स्वार्थी असतो बघ. मुलगा गेलेला आणि मी दुकानात उभा राहून आनंदाने रडतो आहे, की माझी चूक नाही!

तेजस्विनी म्हणाली, अडवलेल्या फोनांची यादी आत असते, नंबर आणि वेळेसकट, पण गुप्त आकड्यांशिवाय ती उघडत नाही. आणि ते आकडे हर्षलबरोबर गेले. आम्ही त्याची जन्मतारीख घातली, आरोहीची घातली, लग्नाची घातली. नाही. "मग रूट," ती म्हणाली. "तुमचा फोन जुना आहे, न पुसता जमेल असं वाटतंय. पण लेखी देणार नाही. मेला तर माझ्या नावाने ओरडायचं नाही." टेम्पोवाल्याचा नंबर दवाखान्याच्या कागदावर आहे. यादीतल्या नंबराशी जुळवला की झालं. तो कागद पायलपुढे ठेवायचा आणि म्हणायचं, बघ बाई. एवढं माझं स्वप्न होतं. तरी भीती वाटायची. फोन द्यायचो आणि तासाभरात परत मागायचो. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "काका, आता निदान चहा तरी पाजा."

तो चहा घेताना मी मनात पायलशी बोलायची तालीम करत होतो. बघ बाई, फोन वाजला नाही, कारण कुलूप आत होतं. कुलूप आत होतं, कारण... आणि तिथे माझी जीभ अडली. कारण तुझं बोट. ती तेहतीस वर्षांची आहे. तिला पुढे चाळीस वर्षं जगायचंय, पोरीला वाढवायचंय, शाळेत उभं राहून दुसऱ्यांच्या पोरांना हसत शिकवायचंय. नवऱ्याने शेवटचा लावलेला फोन आपण बसवलेल्या कुलपाने अडवला, हे घेऊन ती रोज सकाळी उठणार का? आज ती माझ्यावर रागावून जगते आहे. राग माणसाला उभं ठेवतो. ते दुसरं तिला उभं ठेवणार नाही. माझं काय, मी एकाहत्तर वर्षांचा आहे.

आणि खरं सांगू का? हे कुणाला सांगितलेलं नाही. कुलूप नसतं, फोन वाजला असता, पडद्यावर अनोळखी नंबर आला असता, तर मी उचलला असता का? मी त्या नऊ दिवसांत मनाशी ठरवलंच होतं की हात लावायचा नाही, एकदा त्यांना कळू दे. पहिल्या वेळी नसताच उचलला. दुसऱ्या वेळी तुझ्याकडे बघून हसलो असतो. तिसऱ्या वेळी? ते मला ठाऊक नाही. रूट करून ते यादीत मिळणार नव्हतं.

काल मी तेजस्विनीला सांगितलं, रूट नको, सगळं पुसून टाक. तिने कपाळाला हात लावला. "काका, यादी पण जाईल. मग ब्रह्मदेव आला तरी परत मिळायची नाही." मी म्हटलं, जाऊ दे. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. दोन बटणं दाबून धरली आणि पाच मिनिटांत फोन कोरा झाला. नव्याने विचारायला लागला, भाषा कोणती. तेजस्विनीने माझ्याकडून काही घेतलं नाही. दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आली.

आता पत्राचं कारण. येत्या मंगळवारी पायल तिच्या आईबरोबर देवीच्या गडावर येणार आहे, आणि उतरताना तुझ्याकडे येणार आहे. विमलने बोलता बोलता तिला सांगितलं की त्या दिवशी कोंडाजीभाऊ यांच्याजवळच बसले होते. तेव्हापासून ती म्हणते आहे, अण्णा तसे खोटं बोलणारे नाहीत, मग फोन वाजला कसा नाही, काकांनाच विचारते. पोर हुशार आहे. तू "वाजला नाही" म्हणालास तर ती घरी पोचायच्या आत तिला त्या दिवशीचं स्वतःचं बोट आठवेल. म्हणून तू सांग की वाजला. तीन वेळा वाजला. तू म्हणालास, उचल की रे. आणि बहिरूने नंबर बघितला आणि फोन पालथा ठेवला. एवढंच सांग, जास्त बोलू नकोस, तुला खोटं जमत नाही, कान लाल होतात. देवीच्या पायथ्याशी राहून तुला हे करायला लावतो आहे, त्याचं जे काही पाप असेल ते माझं. पत्र वाचून चुलीत टाक. आणि आरोही बरोबर असेल. तिला माझं काही सांगू नकोस. ती तुझ्या दाराच्या चौकटीशी उभी राहील तेव्हा तिचं डोकं कुठपर्यंत येतं तेवढं बघून ठेव आणि मला कळव.

तुझाच,
बहिरू