त्सेंगबाईच्या चिपवरचं पाकीट

१३ मार्च
आज कँटीनमध्ये इंजिनियर त्सेंगबाईने सगळ्यांदेखत माझी इज्जत काढली. म्हणाली, ल्याओकाका, एक स्क्रू शोधायला तुम्ही अख्खं स्टोअर पालथं घालता. माझी चिप एकेक कप्पा उघडत बसत नाही. सगळ्या कप्प्यांना एकदम विचारते, कुणाकडे आहे रे? ज्याच्याकडे असेल तो हात वर करतो. संपलं! सगळे हसले. शेजारच्या लीच्या तर नूडल्स नाकात गेल्या.
सूड घेणार.

१४ मार्च
चिप पास झाली की स्टोअरमधली शोधाशोध तिच्याकडे आणि मी गेटवर, असं ऐकलं. आमच्या शिन्चू शहराच्या वाऱ्यात, या गुडघ्यांनी! शुक्रवारी पाहुण्यांसमोर चाचणी आहे.
पण उपाय सापडला. आमच्याकडे मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात, मुदत संपलेलं मात्र चालत नाही. तिच्या चिपच्या मशीनवरही आहे. तिथे पिवळं ठेवलं तर? मागे कुणीतरी ठेवलं होतं. मशीन असं रुसलं की साहेबांनी स्वतः हात जोडून त्याची माफी मागितली.

१५ मार्च
पिवळं पाकीट घरी आणलं. बायको म्हणाली, अहो, मशीनवर पिवळं ठेवणार? वेड लागलंय का? म्हटलं, मला खायचंय. म्हणाली, कुठल्या दातांनी?
तिच्यासमोर सगळं खावं लागलं. उद्या दुसरं आणणार.

१७ मार्च, सकाळी
दुसरं पिवळं पाकीट खिशात घालून वर जाड कोट चढवला. थंडीसाठी.

१७ मार्च, दुपारी
हिरवं उचललं, पिवळं अजून खिशातच, तोच त्सेंगबाई पाहुण्यांना घेऊन आत आली. माझ्या हातातलं पाकीट बघून किंचाळली, अगं बाई, याची मुदत कालच संपली! काका, तुम्ही नसतात तर आज माझं काही खरं नव्हतं! नवं हिरवं मागवलं. चिप पहिल्या झटक्यात पास. मी तिच्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. ती पाहुण्यांना म्हणाली, बघा, काकांचे डोळे भरून आले.

२० मार्च
साहेब म्हणाले, स्टोअर आता चिप बघेल. तुम्हाला गेटवर नको, इमारतीतल्या सगळ्या पाकिटांच्या तारखा तुम्ही सांभाळा.
मूर्ख माणूस! शत्रूची सगळी मशीनं माझ्या मुठीत दिली. आता एकेकाची मुदत संपू देणार. पहिली त्सेंगबाईची.

२६ मार्च, रविवार
सुट्टी. पण चैन पडेना. मशीन अडलं तर बोट माझ्याकडेच दाखवणार हे लोक. बसने जाऊन आलो.
त्सेंगबाईच्या चिपच्या मशीनवरचं पाकीट जरा तिरकं झालं होतं. सरळ केलं.