कोरडी फरशी

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार

ताईंस नमस्कार.

माझं अक्षर पाहून तुम्हाला नवल वाटेल. पत्र लिहिणं हे तुमच्या धाकट्या बहिणीचं काम. मी खाली 'माझाही नमस्कार' एवढं खरडून मोकळा व्हायचो. गेल्या चौदा महिन्यांत तर तेही नाही. आज लिहितोय, कारण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

घाबरू नका. मनगटाचं हाड मोडलंय, बाकी सुखरूप आहे. फोनवर तिनं 'जरासा लचकलाय' म्हणून सांगितलं असणार. बहिणीचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगावा.

झालं असं की महिन्यापूर्वी ती कोपऱ्यावरच्या मोठ्या वाणसामानाच्या दुकानात गेली होती. तिथे कुणाच्या तरी हातून दुधाची पिशवी फुटली होती आणि एक बाई फरशी पुसत होती. अशा वेळी पिवळी पाटी ठेवायची असते, ती ठेवलेली नव्हती. तुमची धाकटी तिथेच पडली. मला फोन आला तेव्हा मी माझ्या दुकानात एका बुटाची टाच ठोकत होतो, तसाच पळालो. पोचलो तर ही भिंतीला टेकून बसलेली, कपडे कमरेपर्यंत भिजलेले, चहूकडे पाणी. मला बघून म्हणाली, "अहो, हातोडी कशाला घेऊन आलात?" तेव्हा कळलं की हातोडी माझ्या हातातच राहिली होती.

तिचं पाळणाघर बंद आहे. पाच पोरं यायची, सगळ्यात धाकटं सात महिन्यांचं. एका हाताने पोरं कशी सांभाळणार? आईबापांनी दुसरीकडे सोय केली, त्यांचं तरी काय चुकलं! मी दुपारी जेवायला घरी येतो तर ही खिडकीशी बसलेली असते. इतकं शांत घर आम्ही बारा वर्षांत पाहिलेलं नाही.

म्हणून मी भरपाईचा दावा लावला. वकील माझंच गिऱ्हाईक आहे, त्याच्या बुटांना वर्षातून दोनदा मीच तळ लावतो. तो म्हणतो, पाटी नव्हती, तिथेच निम्मं काम झालं. दुकानाचा विमा आहे आणि विमा कंपनीचा माणूस चौकशी करतोय.

आता मुद्द्याचं. त्यांच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: यापूर्वी तोल जाऊन पडण्याचा प्रसंग आला आहे का? मी 'नाही' लिहिलं. जवळच्या नातेवाइकांची नावं मागितली होती, त्यात तुमचं द्यावं लागलं. तुम्हाला कदाचित फोन येईल. चौदा महिन्यांपूर्वी तुमच्या दारातल्या ओट्यावर ती पडली होती, ते त्यांना सांगू नका, एवढीच विनंती. ते काही पडण्यात धरायचं नाही. ओटा धुतलेला होता, ओल्यावर कुणीही पडेल. मी त्या दिवशी चारचौघांत तुम्हाला तसं बोलायला नको होतं आणि तिला जेवणावरून उठवून न्यायला नको होतं, हे कबूल. पण ओटा ओला होता, हे तुम्हीही कबूल कराल.

उत्तर माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. घरच्या नको.

आपला नम्र


दि. २१ फेब्रुवारी, शनिवार

ताईंस नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मोजून दोन ओळी, पण दहा वेळा वाचल्या. 'फोन आला तर मी खोटं बोलणार नाही. आणि ओटा आदल्या दिवशी धुतला होता, तो कोरडा ठणठणीत होता.'

रागाने उत्तर लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले. तुम्ही मोठ्या आहात, तुमच्याशी वाद घालायचा नाही. पण मी काय स्वतःसाठी मागतोय का? तिचा हात मोडला, तिचं काम गेलं, त्याचं कुणी काही देणं लागतंच ना?

हल्ली फोन वाजला की उचलण्याआधी दोनदा नंबर बघतो. विमा कंपनीच्या माणसाला दवाखान्याचे सगळे कागद हवे आहेत. मी निम्मे दिले. काल एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बुटांना डाव्या पायाच्याच टाचा ठोकल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

त्या पुसणाऱ्या बाईला दुकानाने घरी बसवलंय असं कानावर आलं. वाईट वाटलं. पण चूक कुणाची तरी असणारच. आपोआप कुणी पडत नाही.

एक सहज विचारतो. लहानपणी ती सारखी धडपडायची का? तुमच्या घरात कुणाला, म्हणजे वडिलांना किंवा एखाद्या आत्याला, उतारवयात पायांचा काही त्रास होता का? हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालून झाल्यावर तिला खाटेच्या कडेला बसवलं आणि लहानशी रबरी हातोडी घेऊन गुडघे ठोकून पाहिले. डावा गुडघा पुन्हा पुन्हा ठोकला. मनगट मोडलेल्या बाईचे गुडघे कशाला बघायचे? मग मला बाहेर बोलावून नसांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. ती माझ्याकडे आहे, माझ्या दुकानातल्या खिळ्यांच्या डब्याखाली. दाव्याचं एकदा उरकू दे, मग बघू. आता उगाच तिच्या जिवाला घोर नको.

तीन तारखेला सगळ्यांची बैठक आहे. तुम्हाला अजून फोन आला नसेल तर आता येणार नाही. आला असेल तर काय सांगितलंत ते मला कळवू नका.

आपला नम्र


दि. ४ मार्च, बुधवार

ताई,

काल बैठक झाली. सगळं तुम्हाला सांगायचं आहे आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. जसं घडलं तसंच लिहितो.

बैठक त्या वाणसामानाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. मी तिला येऊ नको म्हणालो होतो, ती म्हणाली, हात माझा मोडलाय. जिना चढायला आम्हाला बराच वेळ लागला. वर एका टेबलाभोवती मॅनेजर, विमा कंपनीचा माणूस आणि आपला वकील बसले होते. दाराजवळ ती पुसणारी बाई उभी होती. पन्नाशीची असेल. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

विम्याचा माणूस तसा भला निघाला. आवाज न चढवता म्हणाला की कॅमेऱ्यातलं चित्रण आहे, ते आधी सगळ्यांनी पाहू. त्याने लॅपटॉप आमच्याकडे वळवला.

ताई, त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. ती बाई पलीकडच्या रांगेत पुसत होती. तिची भरलेली बादली अलीकडे, कोरड्या फरशीवर ठेवलेली. तुमची धाकटी पिशवी घेऊन चालत आली. उजवा पाय पडला. डावा पाय मागून आला, त्याचं बोट फरशीला घासलं आणि तिथेच अडलं. पुढे ती गेली, पाय आलाच नाही. पडताना तिनं बादलीचा आधार घ्यायला हात टाकला, बादली कलंडली आणि मग पाणी झालं.

मी खाली बघत बसलो. तिनं मात्र खुर्ची पुढे ओढली.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

पुन्हा लावलं. तिनं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. आपण चालताना कसे दिसतो ते कुणाला कधी दिसतं? ती परक्या बाईकडे बघावं तशी स्वतःकडे बघत होती. मग लॅपटॉप स्वतःच्या हाताने मिटला.

"मी घसरले नाही. माझा पाय उचललाच गेला नाही."

वकिलाने घाईघाईने मध्ये तोंड घातलं, पाटी नव्हती हे तर खरंच आहे म्हणाला. विम्याचा माणूसही म्हणाला की पाटीचा मुद्दा ते मान्य करतात, थोडंफार देऊन मिटवता येईल. खोटं कशाला सांगू, मला तेव्हाही हो म्हणावंसं वाटलं. पैशांसाठी नव्हे. दुकानाने चूक कबूल केली असती तर तिचा पाय निर्दोष ठरला असता. महिनाभर मी त्याच एका गोष्टीसाठी पळत होतो.

ती म्हणाली, "फरशी कोरडी होती. ह्या बाईंचा काही दोष नाही. तसं लिहून घ्या, मी डाव्या हाताने सही करते."

तेव्हा ती पुसणारी बाई, कुणी न सांगता, दाराजवळच्या खुर्चीवर बसली आणि तिनं तोंड झाकून घेतलं. निघताना मी तिच्यापुढे उभा राहिलो. तिनंच विचारलं, "बाईंच्या पायाचं कुणाला दाखवलंत का?"

खाली आलो आणि बसस्टॉपच्या बाकावर बसलो. दोन बस गेल्या, आम्ही उठलो नाही. मग तिनं विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

ताई, तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. माझा धंदाच असा आहे की माणसाचं तोंड न बघता त्याचं चालणं मला कळतं. चपलेची टाच झिजते, बाहेरची कड झिजते, जगात सगळ्यांची झिजते. सोळा महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या चपलेचं पुढचं टोक झिजलेलं दिसलं. पाय ओढणाऱ्याचं झिजतं तसं. मी ते कापून नवा तुकडा बसवला. पुन्हा झिजलं, पुन्हा बसवला. असं चार वेळा केलं. तिला कळू नये म्हणून दर वेळी उजव्या चपलेलाही नवा तुकडा लावायचो. गिऱ्हाइकाची चप्पल असती तर मी तेव्हाच म्हटलं असतं, दादा, डॉक्टरला दाखवा.

म्हणजे तुमच्याकडे ती पडली, त्याच्या आधी दोन महिने मला ठाऊक होतं. तिला उचलताना माझा तळहात तुमच्या ओट्यावर टेकला होता. ओटा कोरडा होता, ताई. हाताला कळलं होतं, तरी मी तुमच्यावर खापर फोडलं, तुमच्या शेजाऱ्यांदेखत. खोटं चारचौघांपुढे बोलून गेलो, म्हणून मग मीही ते खरं मानून बसलो. त्यापायी तुमच्या बहिणीला तुमचं दार बंद केलं.

मला वाटलं होतं ती चिडेल. तिनं प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "वर्षभर मी उभ्याने एकही मूल उचललेलं नाही. खाली बसूनच मांडीवर घ्यायचे. हात मोडला आणि पोरं गेली, तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं माहितीय? सुटले. आता कुणाचं लेकरू माझ्या हातून पडणार नाही."

आम्ही दोघं एका घरात राहून, एकमेकांना घोर नको म्हणून वर्षभर तोंडं शिवून बसलो होतो. तिला वाटायचं मला ठाऊक नाही, मला वाटायचं तिला ठाऊक नाही. आणि तो पाय दोघांच्या मध्ये रोज ओढत चालला होता.

चिठ्ठी तिला दिली. नसांच्या डॉक्टरांनी बारा तारखेची, गुरुवारची सकाळ दिली आहे. काय निघेल ते सांगता येत नाही. मी नाना तर्क करतो, ती म्हणते, आधी नाव तर कळू दे. रात्री ती झोपली की मी तिच्या डाव्या पायाकडे बघत बसतो, ह्याला काय उपयोग आहे ते मला माहीत नाही.

माफी मागायची तर ती पत्रात मागू नये, समोर मागावी. मीच यायला हवं होतं, पण तिला एकटीला ठेवून निघवत नाही. तुम्ही आदल्या दिवशी, अकरा तारखेला बुधवारी या. तिला धीर येईल असं लिहिणार होतो, पण धीर मला हवा आहे. डॉक्टर बोलतील तेव्हा तिच्या बाजूला तिचं असं कुणीतरी बसलेलं हवं, जे खोटं बोलत नाही.

मी दुकानात असेन, दार तीच उघडेल. बेल एकदाच वाजवा आणि थांबा. घाई झाली की तिचा पाय अडतो. वेळ लागेल, पण ती येते.

तुमचा अपराधी,
आणि अजूनही तुमच्या धाकटीचा नवरा