आपट्याच्या पानाखालचा कोष

दि. ८ ऑक्टो., मंगळवार
स. ७.१०. कॉलेजच्या वनस्पती उद्यानात पाणी देऊन झालं. छोटा आपटा, उत्तरेची फांदी, पाचव्या पानाखाली कोष. शुक्रवारपर्यंत अळी होती. फोटो ६, दोन हलले. मोबाईलला लावायची लेन्स वनस्पतीशास्त्राच्या मॅडमची, मोबाईल माझा. मॅडम म्हणाल्या, "फुलपाखरू बाहेर निघतानाचा फोटो मिळाला तर प्रदर्शनात तुझ्या नावानं लावू." नववीतून शाळा सुटली माझी. कॉलेजात माझं नाव.
शनिवारी दसरा. सोनं लुटायला लोक आपटा ओरबाडतील.

दि. १०
दोघं फांदी मागून गेले. पुठ्ठ्यावर लिहिलं : 'विषारी औषध फवारले आहे. पाने तोडू नयेत.' फवारलेलं काहीच नाही. शुद्धलेखन दोनदा तपासून मग झाडाला टांगलं. बापूकाका, म्हणजे थोरले माळी, उमापूरला लेकीकडे गेलेत. त्यांना विचारायला हवं होतं.

दि. ११, खंडेनवमी
खुरपी, कात्री, पंप धुऊन पूजा. मोबाईललाही कुंकू लावलं, लेन्स वाचवून. लोक पाटी वाचून मोठ्या आपट्याकडे वळतात. तो निम्मा उघडा पडला. वाईट वाटलं, पण पाटी तशीच ठेवली.

दि. १२, दसरा
स. ७.२०. छोट्या आपट्याखाली चिखल. बापूकाका गावाहून परतले होते, पाईपनं झाड धूत होते. जोरात. पाचवं पान जागेवर नाही.
"काका, काय करायलाव?"
"कोण्या येड्यानं सणाच्या तोंडावर औषध मारलंय बे! लेकरं हीच पानं हातात घेत्यात, त्याच हातानं जेवत्यात. उजाडल्यापासून धुवायलोय."
सगळं सांगितलं. काकांनी पाईप बंद केला.
"मला कावून सांगितलं न्हाईस?"
मी खाली पान शोधायला लागलो. दोघंही गुडघ्यावर, चिखलात. पाऊण तासानं कोष काकांनाच सापडला, पानासकट. "हे घे, तुझं सोनं." पान दोऱ्यानं फांदीला बांधलं. पाटी फाडली.
मग काका झाडाखाली स्टूल टाकून दिवसभर बसले. येईल त्याला म्हणायचे, "ह्या फांदीवर बाळंतीण हाय. दुसरीकडून घ्या." लोक हसले. फांदी सोडून पानं नेली.

दि. १३
सुट्टी, तरी आलो. कोष काळा पडलाय. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "काळा म्हणजे उद्या फुलपाखरू निघेल, नाहीतर आत मेलं असेल. बाहेरून सांगता येत नाही." पाण्याचं सांगितलं. रागावल्या नाहीत.
फोटो ३.

दि. १४
स. ६.४०. काका आधीच स्टुलावर.
"हालला का रं?"
मला वाटलं, हलला. वारा नव्हता. पण मोबाईल हातात धरून बघत होतो, म्हणून नक्की लिहीत नाही. आता मोबाईल विटेवर टेकवून ठेवलाय आणि शेजारी बसून हे लिहितोय. ७.०५. चहावाला दोनदा हाक मारून गेला. काका उठत नाहीत.